सर्व्हरचा पंखा : जोडी हवी, पहाराही हवा

रोजकीर्द आणि खतावणीची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. मशीद बंदरचे घाऊक व्यापारी असोत, अब्दुल रहमान स्ट्रीटवरील दुकानदार असोत, मदनपुऱ्यातील बॅगांचे कारखानदार असोत की दादर-लालबागकडे माल पोहोचवणारे आमचे बांधव असोत; बिल, माल-साठा, उधारी आणि जीएसटीचा हिशेब आज संगणकावरच असतो. ज्यांचा पसारा थोडा मोठा आहे, ज्यांच्याकडे चार-सहा माणसे एकाच वेळी काम करतात, त्यांच्या कचेरीत एक सर्व्हरही असतो. तो बहुधा माळ्यावर, जिन्याखाली किंवा मागच्या खोलीतील कपाटात ठेवलेला असतो आणि तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

सर्व्हर घेताना आपण प्रोसेसर विचारतो, मेमरी विचारतो, डिस्क किती मोठी हे विचारतो. पंख्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. यंत्राच्या किमतीच्या मानाने पंख्याची किंमत नगण्य असते, म्हणून त्याचे महत्त्वही नगण्य समजले जाते. प्रत्यक्षात सर्व्हरच्या पोटात सतत फिरणारे भाग फार थोडे असतात आणि पंखा हा त्यांपैकी एक. जे फिरते ते झिजते. म्हणूनच चांगल्या सर्व्हरमध्ये एक पंखा जादा दिलेला असतो. हा जादा पंखा नेमका काय करतो, त्यावर देखरेख का हवी आणि ती कशी ठेवावी, हे या लेखात समजून घेऊ.

वीज जाते कोठे?

सर्व्हर जितकी वीज खातो, जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकतो. ४०० वॅटचा सर्व्हर म्हणजे १०० वॅटचे चार जुने दिवे रात्रंदिवस पेटते ठेवण्यासारखे आहे. हे चार दिवे एका बंद कपाटात ठेवले तर काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. ही उष्णता यंत्रातून बाहेर काढणे, एवढेच पंख्याचे काम. यंत्राच्या समोरून थंड हवा आत घ्यायची, प्रोसेसर आणि मेमरीवरून न्यायची आणि मागून गरम हवा बाहेर सोडायची.

हवा कमी पडली तर सर्व्हर लगेच बंद पडत नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. बिल निघायला वेळ लागतो, रिपोर्ट रेंगाळतो, आणि मालक समजतो की यंत्र जुने झाले. उष्णता आणखी वाढली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होते. त्या क्षणी एखादी नोंद अर्धी लिहिलेली असेल तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. नुकसान होते ते येथे. पंखा बदलता येतो, पण ऐन रिटर्न भरण्याच्या दिवशी बिघडलेली खतावणी सावरणे फार महाग पडते.

पंखा स्वतःच खबर देतो

घरातील छताच्या पंख्याला वीज दिली की तो फिरतो. तो किती वेगाने फिरतो हे कोणाला कळत नाही. संगणकाच्या चांगल्या पंख्याचे तसे नाही. त्याला चार तारा असतात. दोन तारांतून १२ व्होल्टची वीज जाते. तिसरी तार खबरेची. पंख्याच्या प्रत्येक फेरीला या तारेवरून साधारणपणे दोन ठोके येतात. मिनिटाला ६,००० फेऱ्या असतील तर सेकंदाला १०० फेऱ्या आणि २०० ठोके. मदरबोर्ड हे ठोके मोजतो आणि वेग सांगतो. चौथी तार हुकुमाची. तिच्यावरून मदरबोर्ड पंख्याला वेग वाढवायला किंवा कमी करायला सांगतो.

म्हणजे पंखा मंदावला, अडखळला किंवा थांबला, तर त्याची खबर त्याच क्षणी यंत्राला मिळालेली असते. ती मालकापर्यंत पोहोचते की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

जादा पंख्याचा हिशेब

जाडीने दोन खणांच्या सर्व्हरमध्ये, उदाहरणार्थ एचपीच्या डीएल ३८० या प्रसिद्ध यंत्रात, सहा पंख्यांची रांग असते. अशा यंत्राची रचना अशी केलेली असते की एक पंखा गेला तरी उरलेल्यांनी काम निभावून न्यावे. यालाच राखीव व्यवस्था म्हणतात. येथे राखीव पंखा क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूसारखा बाहेर बसून राहत नाही. सहाही पंखे आरामात, कमी वेगाने फिरत असतात. एक पडला की पाच जण वेग वाढवून त्याचे ओझे उचलतात.

हे ओझे किती? सहा जणांची हवा पाच जणांनी द्यायची तर प्रत्येकाने वेग निदान १.२ पट करायला हवा. पंख्याचा नियम असा की हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.२ चा घन सुमारे १.७३. म्हणजे प्रत्येक पंखा पावणेदोन पट वीज घेऊ लागतो आणि पाचही मिळून आधीच्या सहांपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त वीज खातात. शिवाय थांबलेल्या पंख्याच्या भोकातून थोडी गरम हवा उलटी मागे येते, तिची भरपाई करण्यासाठी वेग आणखी वाढवावा लागतो. आवाज वाढतो आणि बेअरिंग लवकर झिजते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पहिला पंखा मेला तेव्हा कचेरीतील कोणालाच काही जाणवले नाही. बिले निघत राहिली, काम चालू राहिले. राखीव व्यवस्थेने आपले काम चोख केले. पण त्या क्षणापासून राखीव असे काही उरलेच नाही. आता उरलेले पाच जास्त ताणाखाली आहेत आणि दुसरा पंखा गेला की यंत्र तापून बंद पडणार. पहिल्या आणि दुसऱ्या बिघाडाच्या मध्ये जो अवधी मिळतो, तोच खरा जादा पंख्याचा लाभ. तो अवधी दुरुस्तीसाठी असतो. कोणी पाहतच नसेल तर हा अवधी फुकट जातो, आणि सहा पंख्यांचे यंत्रही एक ना एक दिवस एका पंख्याच्या यंत्रासारखेच अचानक बंद पडते.

मुंबईच्या शेअर बाजारांचा धडा

या गोष्टीचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. शेअरच्या व्यवहारांची शरई बाजू हा वेगळा विषय आहे, त्याची चर्चा येथे नाही. यंत्रव्यवस्थेपुरता धडा घ्यायचा आहे.

१९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकावर सौदे सुरू केले. तेव्हा त्याची कचेरी वरळीला होती. त्यासाठी स्ट्रेटस कंपनीचे संगणक निवडण्यात आले. १४ मार्च १९९५ रोजी दलाल स्ट्रीटवरील मुंबई शेअर बाजाराने आपली 'बोल्ट' ही व्यवस्था सुरू केली, ती टँडेम कंपनीच्या संगणकांवर. या दोन्ही कंपन्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती : त्यांच्या यंत्रांत महत्त्वाचा प्रत्येक भाग जोडीने असे. एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम न थांबता चालत राही.

पण स्ट्रेटसच्या यंत्रांचा दुसरा गुण आमच्या मते अधिक शिकण्यासारखा आहे. या यंत्राचा एखादा भाग बिघडला की यंत्र स्वतःच टेलिफोनच्या तारेवरून कंपनीच्या सेवा केंद्राला कळवीत असे. कित्येकदा ग्राहकाला बिघाडाचा पत्ता लागण्याआधीच नवा भाग त्याच्या दारात येऊन पोहोचे. जोडी आणि पहारा, दोन्ही एकाच यंत्रात. ज्याने जोडीचा खर्च केला, त्याने पहाऱ्याचाही विचार केला, हे येथे दिसते.

जोडी असूनही घात कसा होतो, याचे उदाहरणही याच बाजाराने पुढे दाखवले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे सौदे सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. दूरसंचाराच्या वाहिन्या एका नव्हे, दोन कंपन्यांच्या होत्या. पण दोन्हींत बिघाड झाला. बाजार पुन्हा सुरू झाला तो दुपारी पावणेचार वाजता आणि त्या दिवशी तो संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. दोन वस्तू आहेत म्हणजे दोन आधार आहेत, असे समजून चालत नाही. दोघांवर एकच संकट एकाच वेळी येऊ शकते का, हेही पाहावे लागते.

केवळ थंडाव्याच्या अभावी मोठमोठी केंद्रेही थांबली आहेत. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंगापूरमध्ये एका डेटा सेंटरच्या शीतकरणात बिघाड झाला आणि डीबीएस व सिटी या दोन बँकांचे एटीएम आणि पैशांचे व्यवहार कित्येक तास विस्कळीत झाले. जुलै २०२२ मध्ये लंडनचे तापमान ४० अंशांवर गेले, तेव्हा गुगल आणि ओरॅकलच्या तेथील केंद्रांतील थंडावा अपुरा पडला आणि काही यंत्रे बंद ठेवावी लागली. ज्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे त्यांची ही गत. तर जिन्याखालच्या सर्व्हरची काय कथा!

देखरेख कशी ठेवावी?

आमच्या बांधवांना वाटते की देखरेख म्हणजे फार खर्चाचे काम. वस्तुस्थिती अशी नाही. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून सर्व्हरच्या देखरेखीचा 'आयपीएमआय' हा सामाईक नियम ठरवला. तेव्हापासून सर्व्हरमध्ये एक छोटी वेगळी चिप बसवण्याची पद्धत रूढ झाली. डेल तिला 'आयड्रॅक' म्हणते, एचपी 'आयलो'. मुख्य यंत्र बंद असले तरी, वीज जोडलेली आहे तोवर, ही चिप जागी असते. बहुतेक यंत्रांत तिच्यासाठी नेटवर्कची वेगळी खोबणही असते. ती जोडली की कचेरीतील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून पंख्यांची स्थिती दिसते.

तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रत्येक पंख्याचा वेग. एकाच रांगेतील पंखे साधारण सारख्या वेगाने फिरायला हवेत. एखादा मागे पडत असेल तर त्याचे बेअरिंग जात आहे असे समजावे. दुसरी, राखीव व्यवस्थेची स्थिती. यंत्र स्पष्ट सांगते की राखीव व्यवस्था पूर्ण आहे की गमावली आहे. 'गमावली' असे दिसत असेल तर सर्व्हर ठीक चालत असला तरी त्याच आठवड्यात पंखा बदलावा. तिसरी, आत येणाऱ्या हवेचे तापमान. जगभर सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. त्यापलीकडे गेले तर पंखे निरोगी असूनही जोराने पळू लागतात.

ही पाने रोज उघडून पाहणे कोणाला जमणार नाही, म्हणून बिघाड होताच ई-मेल पाठवण्याची सोय सुरू करून घ्यावी. काही यंत्रांत यासाठी जादा परवाना घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. ई-मेल कोणाच्या पत्त्यावर जातो हेही पाहावे. पुष्कळ ठिकाणी तो यंत्र बसवून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर जात असतो आणि तो मुलगा नोकरी सोडून केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. मालकाचा एक आणि विश्वासू माणसाचा एक, असे दोन पत्ते असावेत. या चिपचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि ती थेट इंटरनेटला उघडी ठेवू नये. नाहीतर पहारेकरीच चोराला दार उघडेल.

आणखी एक. पहारेकरी जागा आहे की नाही, याची परीक्षा घ्यावी. चालू यंत्रात पंखा काढता-घालता येतो असे कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तर, वर्षातून एक-दोनदा, कामाची वेळ संपल्यावर, आधी बॅकअप घेऊन, जाणकाराकडून एक पंखा क्षणभर काढून पाहावा. बाकीच्यांचा वेग वाढतो का? ई-मेल येतो का? येत नसेल तर दोष आजच कळला, हा फायदाच.

आपल्या पेठेत होणाऱ्या चुका

यंत्र तापते म्हणून त्याचे झाकण उघडे ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. सर्व्हरच्या बाबतीत हा उपाय उलटा पडतो. झाकण लावलेले असते तेव्हाच आत हवेचा बोगदा तयार होतो. झाकण काढले की हवा प्रोसेसरवर न जाता वरच्या वर निघून जाते. मेलेला पंखा काढून ती जागा मोकळी ठेवणेही तसेच. हवा त्या भोकातून मागे फिरते.

दुसरी चूक विजेची. चांगल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि प्रत्येकाला आपला पंखा असतो. आपल्याकडे दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसलेल्या दिसतात. बोर्ड जळाला की दोन्ही गेले. एक वायर एका यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या लाइनवर हवी.

तिसरी चूक एअर कंडिशनरची. दुकान बंद करताना एसीही बंद होतो आणि सर्व्हर मात्र चालू राहतो. ईदच्या सुट्टीत दुकान दोन-तीन दिवस बंद असते, खिडक्या बंद, एसी बंद, आणि आत सर्व्हर व कॅमेऱ्याचा रेकॉर्डर तापत बसलेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागीच थांबल्या, तो दिवस अनेकांना आठवत असेल. अशा वेळी यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, पण एसी यूपीएसवर नसतो. मग पंखे खोलीतीलच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतात. तेव्हा यूपीएसला सांगून ठेवावे की ठराविक वेळात वीज आली नाही तर सर्व्हर रीतसर बंद कर. ही सोय बहुतेक चांगल्या यूपीएसमध्ये असते.

चौथी चूक धुळीची. शिलाई आणि जरीच्या कारखान्यांत कपड्याचा तूस उडतो, तो जाळीवर गालिच्यासारखा बसतो. समुद्राची खारट, दमट हवा त्यात भर घालते. जाळी दर महिन्याला साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. ब्लोअरच्या जोराने तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जाते. अर्थात हे काम यंत्र बंद करून, वीज काढूनच करावे.

जुना सर्व्हर घेताना आणि विकताना

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पण ज्याला सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तेथे संगणकाची मोठी पेठ आहे. मोठ्या कंपन्यांनी काढलेले सर्व्हर दुरुस्त करून अशा पेठांत विकले जातात. छोट्या व्यापाऱ्याला हा सौदा परवडतो, त्यात वावगे काही नाही. मात्र असे यंत्र आधीच काही वर्षे अखंड फिरलेले असते आणि पंख्यांचे आयुष्य त्यात खर्च झालेले असते.

घेणाऱ्याने यंत्र निदान तासभर चालवून पाहावे. पंख्यांचे वेग आणि राखीव व्यवस्थेची स्थिती पडद्यावर दाखवायला सांगावी. बिघाडांची नोंदवही पाहावी. ती नुकतीच पुसलेली दिसली तर कारण विचारावे. मूळ पंख्याऐवजी दुसऱ्याच बनावटीचा पंखा बसवलेला नाही ना, हे तपासावे. तसे असेल तर वेगाचे आकडे जुळत नाहीत आणि यंत्र एकतर सतत ओरडत राहते किंवा खऱ्या बिघाडालाही गप्प बसते.

विकणाऱ्या बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. धान्याचा ढीग वरून कोरडा आणि आतून ओला आढळला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या विक्रेत्याला ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे विचारले होते. वरून पुसून चकचकीत केलेला आणि आत मरू घातलेला पंखा असलेला सर्व्हर हा त्याच जातीचा माल आहे. ऐब सांगून, त्याप्रमाणे भाव कमी करून विकावे किंवा नवे पंखे घालून विकावे. अशा दुकानाकडे गिऱ्हाईक परत येते.

कारागिरांसाठी काम

मोटार रिवाइंडिंग, एसी आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे तरुण आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज कचेऱ्या उभ्या आहेत आणि लहान-मोठ्या सर्व्हर खोल्यांची निगा हे कायमचे काम झाले आहे. वार्षिक देखभालीच्या करारात नुसते 'बिघडले की बोलवा' असे न ठेवता दर महिन्याची साफसफाई, वेगाची नोंद आणि राखीव पंख्याची तपासणी असे ठरवून द्यावे. सर्व्हरच्या पंख्यात तेल घालून तो पुन्हा बसवू नये. असा पंखा काही दिवस चालतो आणि नको त्या वेळी दगा देतो. त्याच पार्ट नंबरचा नवा पंखा बसवावा आणि एक नग गिऱ्हाइकाच्या कपाटात ठेवून द्यावा.

ज्यांच्याकडे एकाच पंख्याचा साधा संगणकच सर्व्हर म्हणून वापरला जातो, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांनी एक पंखा आणून ठेवावा, यंत्राच्या सेटिंगमध्ये पंखा थांबल्याची सूचना सुरू करावी आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवावा. सहा पंखे असलेल्यांनाही बॅकअप चुकत नाही. पंखा यंत्राला वाचवतो, हिशेबाला नाही.

सारांश, जादा पंखा हा दुरुस्तीसाठी मिळालेली मुदत आहे, आणि मुदत सुरू झाली हे ज्याला कळते त्यालाच तिचा उपयोग होतो. आपल्या खतावणीत दुसऱ्याचे देणे आणि दुसऱ्याचे येणे लिहिलेले असते. ती एक अमानत आहे. तेव्हा वाचक बांधवांनी या आठवड्यातच आपला सर्व्हर कोठे आहे, त्याचे किती पंखे फिरत आहेत आणि एखादा थांबला तर खबर कोणाला मिळणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधून ठेवावीत.